सायकलीचा पायगुण

पोखर्णी
१८ सप्टेंबर २०२३

चि. राजेश्री, तुझ्या दत्तरावकाकाचा आशीर्वाद घे.

पत्र बघून हसू नकोस. कानाला मशीन लावलं तरी फोनवरचं बोलणं मला भुंगा गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. ईश्वरीला मध्ये घालून बोलावं तर ती अर्धं गाळते आणि अर्धं पदरचं घालते. म्हणून कागदच बरा. हरिओमचा टेम्पो मानवतला येत असतो, त्याच्याच हाती उत्तर पाठव.

बातमी आनंदाची आहे. आपल्या ईश्वरीचं नाव राज्याच्या निवड शर्यतीला गेलं. शाळेच्या जुनाट सायकलीवर पोर जिल्ह्यात पहिली आली. महारुद्र पूर्णेला रेल्वेच्या ड्यूटीवर, त्यामुळे बापाच्या जागी मलाच, आजोबाला, सगळं बघावं लागतं. शर्यत नोव्हेंबरअखेर पुण्याला आहे.

गावच्या समितीची बैठक बसली. अध्यक्ष भुजंगराव म्हणाले, आपल्याकडं विजयी सायकल असताना पोरीनं दुसऱ्या कशावर का बसावं? २००९ साली ज्या सायकलीवर तू राज्याची रोड रेस मारलीस, ती तेव्हापासून शाळेच्या सभागृहात चौथऱ्यावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिचा पायगुण सगळ्या पंचक्रोशीला माहीत. परीक्षेला जाणारी पोरं तिच्या हँडलला हात लावून जातात, नव्या नवऱ्या पाया पडतात. मागच्या साली लाल ऑइलपेंट मारून घेतला, आरशासारखी चमकायली. तेव्हा असं ठरलं की दसऱ्याला पाच सवाष्णींनी सायकलीला हळदीकुंकू लावायचं, ईश्वरीनं नृसिंहाच्या देवळापासून शाळेपर्यंत ती मिरवत चालवायची, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावरच सराव.

तू यायचंस. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली आहे.

आणखी एक. लोक मला विचारतात, तुमची चॅम्पियन मानवतला पत्र्याच्या शेडात पाइपं जोडायलीय म्हणे? मी म्हणतो, छंद आहे तिचा. बरोबर सांगितलं ना?

तुझा,
दत्तरावकाका

*

मानवत
२२ सप्टेंबर

काका, तुमच्या आणि अनसूयाकाकूच्या पाया पडते.

मी बोलते तसंच लिहिते, तुमच्यासारखं कचेरीतलं मराठी मला जमत न्हाई. ईश्वरीचं वाचलं आन् हातातली कानस खाली ठेवून शेडात एक चक्कर मारून आले. लय भारी वाटलं. तिला सांगा, आत्या नाचली.

आता बाकीचं. छंद न्हाई काका, धंदा हाय. हे गेल्यावर सगळे म्हणले, आता माहेरी बस, दोन घास खा. मी पुण्याला जाऊन एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली फ्रेम बांधायला शिकले. माणसाचं माप घ्यायचं, त्या मापाला पाइप कापायचे, तोंडाला कानस मारून एकावर एक बसवायचे, आन् गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून सांधा भरायचा. माझ्या फ्रेमी नाशकापासून बेंगलोरापर्यंत पळायल्या. पुन्हा कुणी विचारलं तर हे सांगा.

ती लाल सायकल पोरीला देऊ नका. हात जोडून सांगते.

तुमी चौथऱ्यावर ठेवताना तिची सीट काढली. बसायची जागा पूजेच्या वस्तूला कशाला, असं कुणीतरी म्हणलं म्हणून. सीटखालचा दांडा बी काढला. मग दांडा बसायची नळी वरून उघडी राहिली, तर तिच्यात उदबत्त्या खोवल्या. दर दसऱ्याला तांब्याभर दूध-पाणी हँडलवरून, नळीवरून वतलं. ते पाणी गेलं कुठं काका? नळीत गेलेलं खालून बाहेर आलेलं कुणी बघितलं का? ते जिथं पायडलाचा आस बसतो तिथं तळाला साचलं. सगळे पाइप तिथंच येऊन मिळतात, आन् चढावर उभं राहून जोर मारला की सगळा भार तिथंच येतो. लोखंड हाय ते. वरून कीर्तन, आतून तमाशा झालाय त्या सायकलीचा. तुमच्या ऑइलपेंटानं तो झाकलाय फक्त. पोर उतारावर असताना ती मोडली तर काय होईल ते मी लिहीत न्हाई, तुमीच बघा.

ईश्वरीला माझ्याकडं पाठवा. तिच्या मापाची फ्रेम मी बांधते.

आन् त्या पाच सवाष्णी. ज्या सायकलीवर मी बसत होते तिला हळदीकुंकू आन् मला खुर्ची. मला कुंकवाची हौस न्हाई काका. पण हे ठरवताना तुमच्यापैकी एकाच्या बी मनाला काही लागलं न्हाई का, एवढंच विचारते.

राजेश्री

*

पोखर्णी
२७ सप्टेंबर

चि. राजेश्री,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. तिला रक्तदाब आहे.

पाण्याचं म्हणतेस, तर आपल्या विहिरीत लोखंडी पायऱ्या माझ्या बापाच्या काळापासून पाण्यात आहेत. त्या मोडल्या का? सायकलीला वर्षातून एक तांब्या. तू पुण्याला शिकलीस म्हणून गावातली सगळी माणसं बिनडोक झाली असं समजू नकोस.

माझ्या मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग मान की मानू नकोस. त्या सायकलीचा तुला मत्सर वाटायला लागला आहे. लोक तिच्या पाया पडतात, तुझ्या पडत नाहीत. भुजंगराव तर पुढचं बोलले, की स्वतःची सायकल खपवायला ही घरच्या देवाला खोटं ठरवायलीय. मी त्यांना गप्प केलं, पण ऐकावं तर लागलं.

सवाष्णींचं म्हणशील तर ती रीत मी काढलेली नाही आणि मोडायचा अखत्यारही मला नाही. तुझं दुःख मला कळत नाही असं नाही. पण चार माणसांत राहायचं तर चार माणसांसारखं वागावं लागतं. आणि हेही ध्यानात ठेव, की ती सायकल गावाच्या वर्गणीतून घेतलेली आहे. ती गावाची आहे, तुझी नाही.

ईश्वरीला मी समोर बसवून विचारलं. तिनं मान हलवली. तिचा होकार आहे. मानवतला वगैरे काही पाठवणार नाही. परभणीला शनिवार-रविवार बारावीची शिकवणी चालू आहे, तेवढी धावपळ तिला पुरे.

खुर्ची ठेवलेलीच आहे. रुसू नकोस, ये.

दत्तरावकाका

*

मानवत
३ ऑक्टोबर

काका,

विहिरीतल्या पायऱ्या मनगटाएवढ्या जाड हायत. सायकलीच्या पाइपाचा पत्रा पोस्टकार्डाहून थोडा जाड असतो. तसाच करावा लागतो, न्हाईतर चढावर कोण ओढणार?

माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा. सायकल उलटी करा, पायडलाच्या आसाजवळचा रंग चाकूनं खरवडा, आन् तिथं जाड खिळा ठेवून हातोडीचा एक ठोका मारा. खिळा आत गेला न्हाई तर मी दसऱ्याला येते, खुर्चीवर गप बसते, टाळ्या बी वाजवते, आन् भुजंगरावाला सगळ्यांसमोर म्हणते की मी खोटी.

करू देत नसतील तर मला कळवा. काहीच कळवलं न्हाई तर कुणी बघितलं न्हाई असं मी समजेन, आन् मी येईन. खुर्चीवर बसायला न्हाई.

मत्सराचं म्हणालात ते खरं हाय. वाटतो मला. पण लोखंड मत्सरानं गंजत न्हाई.

राजेश्री

*

पोखर्णी
२५ ऑक्टोबर

राजेश्री,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही ही माझी चूक की काय, असं आता काकू मला विचारायलीय. देवाला खिळे ठोकून बघतात का, म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला होता.

तू काय केलंस ते तुला कळतं तरी का? खंडेनवमीचा दिवस. दसऱ्याची तयारी म्हणून सायकल चौथऱ्यावरून खाली घेतलेली, तिला नवी सीट, नवे टायर लावलेले. बायका ताटं घेऊन उभ्या. भुजंगरावांच्या हातात माइक. तू सरळ आत आलीस, पिशवीतून आरी काढलीस आणि सायकलीला लावलीस. खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात, हत्यार चालवत नाहीत, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. भुजंगराव माइकवर ओरडले, धरा तिला. तुझं तोंड बघून एकही गडी पुढं झाला नाही. दोन-चार ओढीत पाइप तुटला. खालून तांबडा चिखल पडला म्हणतात. मी तोंड फिरवलं होतं, मी बघितला नाही आणि मला बघायचाही नाही. एक तुकडा कापून पिशवीत टाकलास आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेलीस. माझ्याशीसुद्धा.

काल मिरवणूक झाली नाही. दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले ते अर्धे आमच्या दारावरून पुढं गेले. ह्या वयात एवढी बेइज्जती मी पाहिली नव्हती.

समितीचं म्हणणं असं आहे, की तू देवळासमोर नाक घासून माफी मागावी. नाहीतर ईश्वरीला गाव गाडी देणार नाही, आणि तिच्या नावापुढं गावाचं नावही लावू देणार नाही. पोर दोन दिवस घुम्यासारखी बसून आहे. शर्यत महिन्यावर आली आणि तिच्या बुडाखाली धड सायकल नाही. हे तुझ्या हातानं झालं. आता काय करायचं ते तूच सांग.

दत्तराव

*

मानवत
२८ ऑक्टोबर

काका, पाया पडते. तुमी आशीर्वाद देत नसाल तरी पडते, ते माझ्या हातात हाय.

माफी मागणार न्हाई. नाक बी घासणार न्हाई, ते मला श्वास घ्यायला लागतं.

खंडेनवमीला हत्यार चालवू नये हे मला ठाऊक हाय. माझ्या शेडात बी त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा झाली. आरीला फूल वाहिलं, मग तीच आरी घेऊन एसटीत बसले. दसऱ्याच्या सकाळी पोर त्या सायकलीवर बसणार होती. एक दिवस थांबायला सवड नव्हती.

तुमीच लिहिलंय की दोन-चार ओढीत पाइप तुटला. धड पाइप कापायला माझा घाम निघतो काका, ब्लेड तापतं. सोबत त्यातला तुकडा पाठवलाय, हरिओमला बजावलंय की काकाच्याच हातात दे. बाहेरून तुमचा लाल रंग हाय. आतून अंगठ्यानं दाबा. एकटे असताना दाबा, कुणाला सांगू नका, पण दाबा.

आता ती शर्यत. सगळ्या गावाला वाटतं सायकलीनं मारली. तुमी जिंतूर रोडला शेवटच्या टेकडीवर उभे होतात, तुमाला तरी आठवत असंल. ती सायकल गड्याच्या मापाची होती. वर्गणी झाली, दुकानात होती ती आणली, माझं माप कुणी घेतलं न्हाई, मला बी कळत नव्हतं. हँडल गाठायला मी सगळी पाठ ताणून धरायची. शेवटच्या टेकडीवर डावा पाय बधिर झाला होता. रेषा ओलांडल्यावर मला उतरता येईना, दोन बायकांनी उचलून खाली घेतलं. तुमी म्हणालात, आनंदानं चक्कर आली. आनंद न्हाई काका, कंबर गेली होती. त्या सायकलीमुळं जिंकले न्हाई मी, तिला सोसून जिंकले. आन् दुसऱ्या दिवशी हार तिला घातला.

म्हणून मी बायकांच्या मापाच्या फ्रेमी बांधते. मला दुसरं काही येत न्हाई म्हणून न्हाई.

शेवटचं सांगते, बसून वाचा. ईश्वरीच्या बुडाखाली सायकल हाय. पोरगी सप्टेंबरपासून शिकवणी सुटली की परभणीहून बस धरून माझ्याकडं यायलीय. तिनं मान हलवली तो होकार नव्हता. आबासमोर, म्हंजे तुमच्यासमोर, न्हाई म्हणायची छाती झाली न्हाई, म्हणून हलवली. तिला रागावू नका. चोरून ये असं मी म्हणले न्हाई, पण आल्यावर परत बी पाठवली न्हाई. माप घेतलं, पाइप तिच्या देखत कापले, एक सांधा तर तिनं स्वतः भरला. वेडावाकडा झाला, मी तसाच ठेवलाय, मजबूत हाय. फक्त रंग राहिलाय.

तर ती फ्रेम हाय विधवेच्या हातची. चालत असंल तर पोरीला शर्यतीला पाठवा. गाडी नसली तर रेल्वे हाय, गावाचं नाव नसलं तर तिचं स्वतःचं नाव हाय. चालत नसंल तर तसं तिला तुमच्या तोंडानं सांगा. भुजंगरावावर ढकलू नका, रितीवर ढकलू नका, माझ्यावर बी न्हाई.

राजेश्री

*

पोखर्णी
२ डिसेंबर

चि. राजेश्री, आशीर्वाद. मागच्या वेळचाही ह्यातच धर.

तुकडा दाबला. अंगठा आत गेला. गोठ्यात एकटाच होतो. ह्याच्यावर माझी नात बसणार होती आणि मी बँडवाला ठरवून आलो होतो. त्याच दिवशी महारुद्राला निरोप धाडला, रजा टाक आणि पोरीला घेऊन पुण्याला जायची तयारी कर. मीही गेलो. समितीला विचारलं नाही. तुला हे आधी कळवायला पाहिजे होतं, पण काय लिहावं ते सुचेना. ईश्वरीनं तुला फोनवर सांगितलंच असेल.

सायकल बघितली. मला त्यातलं काही कळत नाही, पण पोर तिच्यावर बसली तेव्हा तिचे हात सरळ हँडलवर पडले. कुठं ताणून धरलेलं दिसलं नाही. तुझं पत्र आठवून मी नेमकं तेवढंच बघत होतो.

ती नववी आली.

शेवटच्या चढापर्यंत पुढच्या घोळक्यात होती. मग मागं पडत गेली. निवड पहिल्या सहांची. उतरून आली तेव्हा पायावर उभी होती, स्वतः चालत पाण्याच्या टाकीकडं गेली. रडली नाही. महारुद्र तिच्या मागं पाण्याची बाटली घेऊन हिंडत होता, आणि ती त्यालाही जवळ येऊ देईना.

गावात आलो तर पारावर भुजंगराव बसलेले. म्हणाले, काय दत्तराव, लाल सायकल असती तर पहिली आली असती. विधवेच्या हातची सायकल, तिच्याकडून दुसरं काय होणार? पारावरचे बाकीचे माना खाली घालून ऐकत होते, पण ऐकत होते. मी काही बोललो नाही. घरी आलो, जेवलो नाही. काकू माझ्यावर चिडली. म्हणाली, पोरीला पाठवायची हिंमत केलीत, मग तिथं तोंडाला कुलूप का लागलं?

राजेश्री, मला तुझ्याकडून खरं ऐकायचं आहे. रागावू नकोस. तुझी सायकल कमी पडली का? काहीतरी थोडंफार कमी राहिलं असेल तर तसं सांग. जे असेल ते मी पारावर जाऊन सांगेन. पण न कळता मला भांडता येत नाही.

तुझा,
दत्तरावकाका

*

मानवत
४ डिसेंबर

काका,

तुमी पोरीला घेऊन गेलात. हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. मग चहा केला, मग परत वाचलं. भुजंगरावासमोर गप बसलात त्याचं मला काही वाटलं न्हाई. तुमी जे केलं ते बोलण्यापेक्षा मोठं हाय.

खरं विचारलंत, खरं सांगते. पुण्याहून आल्यावर ईश्वरी सायकल घेऊन शेडात आली. मी फ्रेम सगळी उघडली, एकेक सांधा भिंग लावून बघितला, दोऱ्यानं मापली. केसभर बी हललेली न्हाई. सायकल कमी पडली न्हाई. ईश्वरी कमी पडली. हे मी तिला तोंडावर सांगितलं. मी म्हणले, चढाच्या आधी सपाटीवर तू लय घाई केलीस, पुढच्या दोघींच्या नादी लागून दम घालवलास. ती म्हणली, हो आत्या, मला तिथंच कळलं होतं. मग लय रडली. पोटभर रडू दिली. रडणं झाल्यावर तिनं मला पुढच्या आठ जणींची नावं, गावं आन् कोण चढाला भारी, कोण सपाटीला, सगळं बोटावर सांगितलं. मी जिंकले तेव्हा मला मागच्या एकीचं बी नाव माहीत नव्हतं.

तर पारावर जा. माझी सायकल चांगली होती असं सांगू नका, तिचा पायगुण वाईट होता हे बी ऐकून घेऊ नका. सायकलीला पाय नसतात. सांगा, माझी नात नववी आली, चढावर चुकली, पुढच्या साली परत जाणार हाय. आन् भुजंगराव परत लाल सायकलीवर आले तर त्यांना सांगा, राज्यात पहिली आलेली बाई मानवतला मोंढ्यामागच्या शेडात बसती, तिला काय म्हणायचं ते तिच्या तोंडावर येऊन म्हणा.

माझा पहिला नंबर गावानं सायकलीला देऊन टाकला, आन् मी इतकी वर्षं गप बसले. पोरीचा नववा मी कुणाला देणार न्हाई.

राजेश्री